वंशावळ कोणाची असते?

गेल्या वर्षी जून महिन्यात महाविद्यालयीन प्रवेशाची धांदल चालू असताना एकाच आठवड्यात दोन माणसे प्रस्तुत लेखकाकडे आपापल्या पूर्वजांची चौकशी घेऊन आली. पहिले एक निवृत्त अधिकारी. त्यांच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघावयाची होती आणि एका जुन्या मोडी कागदातील चार ओळी त्यांना लागत नव्हत्या. मला मोडी थोडीफार वाचता येते एवढ्याच कारणास्तव ते आले होते. मूळ पुरुषापासून अकरा पिढ्यांचा वृक्ष त्यांनी टेबलावर पसरला आणि 'अजून एक पिढी मागे जाता येईल' असे मोठ्या उमेदीने सांगितले.

दुसरा आमच्याच महाविद्यालयातून बारावी झालेला एक विद्यार्थी. भटक्या-विमुक्तांपैकी, दगड फोडणाऱ्यांच्या कुटुंबातला. व्यावसायिक अभ्यासक्रमाला त्याला राखीव जागा मिळण्याजोगे गुण होते. परंतु जातपडताळणीच्या अर्जासाठी पूर्वजांचा जुना पुरावा हवा होता. "सर, आजोबांच्या नावाचा एकही कागद आमच्याकडे नाही," असे तो म्हणाला. अकरा पिढ्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला आजोबासुद्धा नाहीत! पहिल्याला वंशावळ हौसेसाठी हवी होती, दुसऱ्याला पोटासाठी. ज्याला गरज नव्हती त्याच्याकडे ती होती. हा निव्वळ योगायोग आहे काय? अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तसे वाटत नाही.

मालमत्ता आणि स्मृती

वंशावळीकडे आपण सामान्यतः अभिमानाचा किंवा श्रद्धेचा विषय म्हणून पाहतो. वस्तुतः महाराष्ट्रातील जुन्या वंशावळींचा मोठा भाग भांडणांतून निर्माण झालेला आहे. शिवकाळात आणि पेशवाईत देशमुखी, देशपांडेपण, पाटिलकी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेने चालत. ती विकता येत, गहाण टाकता येत, त्यांच्या तक्षिमा पडत. भाऊबंदांमध्ये तंटा उभा राहिला म्हणजे प्रत्येक पक्ष गोतसभेपुढे आपला 'करीना' मांडी. करीना म्हणजे घराण्याची हकीकत: मूळ पुरुष कोण, त्याने गाव कसे वसविले, वडील शाखा कोणती, धाकटी कोणती, वतन कोणाकडून कोणाकडे आले. निवाडा झाला की त्याचा महजर होई. कागदांनी व साक्षींनी निकाल लागेना, तर दिव्य करण्यापर्यंत पाळी येई. आज संशोधक ज्या करीन्यांतून घराण्यांचा इतिहास जुळवितात, ते मुळात वादी-प्रतिवादींचे अर्ज आहेत, ही गोष्ट दृष्टिआड होता कामा नये. जिंकण्यासाठी सांगितलेल्या पूर्वजांमध्ये सोयीचे पूर्वज शिरणे आणि गैरसोयीचे गळणे स्वाभाविकच होते.

शेतजमिनीचीही हीच कथा आहे. गावातील कुणबी दोन प्रकारचे: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, म्हणून त्याचे कुळ गावाच्या थळझाड्यात नोंदलेले असे. एखादे कुळ नामशेष झाले तरी त्याची जमीन 'गतकुळ' म्हणून त्याच्याच नावाने ओळखली जाई. माणसे गेली तरी त्यांची नावे जमिनीने धरून ठेवली. उपरी मात्र आज या गावात, उद्या त्या गावात. तो कसत होता, सारा भरत होता. परंतु त्याच्या आजोबांचे नाव टिपून ठेवण्यात कोणाचेही हित गुंतलेले नव्हते. ते कोणी टिपले नाही.

इंग्रजी अमलात या कागदांना आणखी एक कारण मिळाले. इनामे खरी की खोटी हे तपासण्यासाठी नेमलेल्या इनाम कमिशनला १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळाले आणि घरोघरचे रुमाल बाहेर निघाले. सनदा, कैफियती, वंशावळी यांची छाननी झाली. पुढे १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारपदांच्या कायद्याने वतनदारांचे वारस नोंदविण्याची पद्धत पक्की केली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्याला जे घबाड हाती लागते, त्यामागे सारा आणि इनाम यांचा हिशेब उभा आहे. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापावयास घेतली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग संपादित केले. या थोर परिश्रमांचे ऋण कोण नाकारील? परंतु संशोधकाला तरी तेच कागद सापडणार, जे कोणीतरी कोणत्यातरी लाभासाठी जपले होते.

क्षेत्रोपाध्ये आणि हेळवी

यावर असा आक्षेप येईल की, नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर मालमत्तेचा प्रश्न नव्हता. आक्षेप अंशतः खरा आहे. यात्रेकरू आला की गाव, जात, आडनाव यांवरून त्याचे उपाध्ये ठरत. वहीत तो वडील, आजोबा, भाऊ, मुलगे यांची नावे स्वहस्ते लिही किंवा लिहवून घेई. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या खापरपणजोबांनी केलेली सही पाहून आजही माणसाचा कंठ दाटून येतो. परंतु यजमान ही उपाध्यायाची वृत्ती होती. ती भावाभावांत वाटली जाई, तिच्यावरून तंटे होत. वही हा त्या वृत्तीचा दस्तऐवज होता. शिवाय काशीयात्रा करणारा माणूस थोडासा सुस्थितीतलाच असावयाचा.

दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हेळवी बैलावर बसून सुगीच्या दिवसांत दारी येतात, कुळाचा मूळ पुरुष, मूळ गाव, शाखा-उपशाखा म्हणून दाखवितात आणि मोबदल्यात धान्य नेतात. निरक्षर कुणब्याच्या पिढ्या ज्यांनी जपल्या ते हे हेळवी. त्यांच्या कार्याची आपण पुरेशी कदर केलेली नाही. तथापि हेळवीही जातो तो खळे असलेल्या घरी. खळेच नसलेल्याच्या दारी त्याने काय मागावे?

याहून बोलका दाखला समुद्रापलीकडचा आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा या भागांतून कितीतरी मराठी माणसे मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली. ती दरिद्री होती, बहुतेक निरक्षर होती. तरीही त्यांचे वंशज आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या स्थलांतरितांच्या दप्तरात आपला पूर्वज शोधू शकतात. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरील खूण, जहाज असे सारे तेथे टिपलेले आहे. मळेवाल्याला पाच वर्षांच्या श्रमाची हमी हवी होती, मजूर पळाल्यास पकडावयाचा होता, म्हणून ही नोंद झाली. त्याच गावात मागे राहिलेल्या त्याच्या सख्ख्या भावाची मात्र अशी नोंद बहुधा कोठेच सापडणार नाही. कागदाला माणसाविषयी ममत्व नसते. ज्याच्यात कोणाचे तरी येणे अडकलेले असते, तेवढाच माणूस कागदावर उतरतो.

स्त्रियांचे नाव

हाच न्याय स्त्रियांच्या बाबतीत लावून पाहावा. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाही उच्चार होतो. म्हणजे धर्माला तीन पिढ्यांपर्यंत आई-आजीची आठवण होती. वतनाच्या वंशावळीला ती नव्हती. आमच्या स्वतःच्या घरच्या रुमालात सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि स्त्री एकही नाही. जणू ही मंडळी एकमेकांपासून आपोआप उत्पन्न झाली! पुढील काळातील कुलवृत्तांतांनी पत्नीचे माहेर आणि मुलीचे सासर देण्याचा प्रघात पाडला, हे त्यांचे श्रेय. तरी मुलीपाशी शाखा खुंटते ती खुंटतेच.

गेल्या काही दशकांत मात्र तलाठ्याच्या दप्तरातील वारसांच्या वंशावळीत मुलींची नावे आवर्जून येऊ लागली. मुलीला जन्मतः सहदायकाचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला, हे त्याचे कारण. पुष्कळदा त्या नावाखाली लगेच हक्कसोडपत्राची सही घेतली जाते, ही गोष्ट वेगळी. हिस्सा मिळाला तेव्हा नाव मिळाले, हे सूत्र येथेही खरे ठरते.

पुराव्याचा भार

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असे दिनांक महाराष्ट्रात प्रमाण मानले जातात. त्या दिवसापूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा द्यावयाचा, त्यासोबत शपथेवर वंशावळ जोडावयाची. २००१ पासून अमलात असलेल्या कायद्याने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. खोट्या दाखल्यांनी खऱ्या हक्कदारांच्या जागा बळकावल्या गेल्या, म्हणून ही कडक व्यवस्था आली. तिची आवश्यकता कोणीही शहाणा मनुष्य नाकारणार नाही.

परंतु या विद्यार्थ्याचे आजोबा २१ नोव्हेंबर १९६१ रोजी कोठे होते? घरात सांगतात की कोयना धरणाच्या कामावर होते. दगड फोडीत होते, पालात राहत होते. शाळेत ते गेले नाहीत, म्हणून शाळेचा निर्गम उतारा नाही. जमीन नव्हती, म्हणून फेरफार नाही, हक्कनोंद नाही. मुले कोणत्या गावाच्या शिवारात जन्मली हे निश्चित नाही, म्हणून कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना चौदामध्ये, कोठे शोधावे ते कळत नाही. ज्या धरणाच्या विजेवर अर्धा महाराष्ट्र उजळला त्याच्या पायात त्यांचे श्रम आहेत. ठेकेदाराच्या हजेरीपटावर कदाचित त्यांचा अंगठाही उमटला असेल, पण तो हजेरीपट कोणी ठेवला? स्थानिक चौकशीची वाट नियमांत आहे, हे खरे. मात्र कागद नसलेल्याची चौकशी लांबते आणि प्रवेशाची मुदत थांबत नाही.

ज्यांना सत्तेने पिढ्यान् पिढ्या नोंदण्याजोगे मानले नाही, त्यांच्याकडेच आज नोंद मागितली जाते, ही यातील विसंगती आहे. राखीव जागेचा आधार ज्या वंचनेसाठी दिला, ती वंचनाच त्याचा पुरावा हिरावून घेते.

शासनाने मनावर घेतले तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. पुढे तिचे काम राज्यभर नेण्यात आले. तहसिलांची व शाळांची दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून आणले गेले आणि ५० लाखांहून अधिक नोंदी मिळाल्याचे शासनाने जाहीर केले. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूत येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, नोंद शोधण्याचे काम अर्जदाराऐवजी शासनाने अंगावर घेतले, तेव्हा कित्येक वर्षे कुलपात पडलेले कागद काही महिन्यांत बोलू लागले.

मग हेच सर्वांसाठी नित्याचे काम का होऊ नये? गाव नमुना चौदा, जुनी शाळारजिस्टरे आणि हक्कनोंदी यांची गाववार सूची करून ती सर्वांना खुली करावी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेली मोडी वाचणारे आता विरळ झाले आहेत. प्रत्येक जिल्ह्यात तिचे शिक्षण देऊन त्या वाचकांना मानधन मिळावे. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांच्या कोठारांत जुने हजेरीपट उरले असतील तर ते रद्दीत जाण्यापूर्वी वाचवावेत. हेळव्यांच्या आणि क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांच्या प्रती, त्यांचा हक्क राखून, सरकारी खर्चाने काढाव्यात. आणि जेथे कागद असण्याचा संभवच नव्हता, तेथे वृद्धांच्या साक्षीचे नियमपूर्वक टिपण मुदतीत व्हावे. जुनी गोतसभा वृद्धांची साक्ष ग्राह्य मानीत असे. आपण तिच्याहून अनुदार असण्याचे प्रयोजन नाही.

त्या विद्यार्थ्याची ती जागा गेली. सध्या तो आमच्याच कला शाखेत पहिल्या वर्षाला बसतो. अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही. दिवाळीच्या सुटीत मी त्याला आजीकडून वंशावळ लिहून आणावयास सांगितले. आजीचे वय ऐंशीच्या पुढे. तिला सन-तारखा येत नाहीत. तिने मुलांचा क्रम असा सांगितला: "थोरला कोयनेवर झाला, मधली उजनीवर, आन् ह्याचा बाप कालव्यावर." सासऱ्यांविषयी विचारले तेव्हा तिने एका रेल्वेपुलाचे नाव घेतले.

चार पिढ्यांची ही वंशावळ मी माझ्या हाताने देवनागरीत उतरवून त्याच्या अर्जासोबत जोडावयास दिली आहे. तिच्यात सनद नाही, शिक्का नाही, मूळ पुरुष नाही. परंतु तिच्यातील प्रत्येक गाठ एखाद्या धरणाशी, कालव्याशी, पुलाशी बांधलेली आहे आणि ती सारी बांधकामे आपापल्या जागी उभी आहेत. ज्याला शंका असेल त्याने जाऊन पाहावीत.