बर्फाच्या मुलखातली चारबाग

'जन्नत' या अरबी शब्दाचा साधा अर्थ आहे बाग. कुरआनात जन्नतचे वर्णन येते ते दाट सावलीचे, हाताशी आलेल्या फळांचे आणि वाहत्या पाण्याचे. ज्या मुलखात पाण्यासाठी कोसन्‌ कोस तुडवावे लागत, तिथल्या माणसाला याहून मोठे बक्षीस कोणते वाटणार? रमजानच्या दुपारी घसा कोरडा पडलेल्या रोजेदाराला तर ते सांगावेच लागत नाही.

याच वर्णनात चार नद्यांचा उल्लेख आहे. इराणात चौकोनी बागा इस्लामच्याही आधीपासून होत्या. त्या दोहोंची गाठ पडली आणि 'चारबाग' रूढ झाली. मधे हौद, चारी दिशांना पाट आणि पाटांमुळे पडलेले बागेचे चार भाग. बाबराने ही पद्धत हिंदुस्थानात आणली. दिल्लीतील हुमायूनचा मकबरा, आग्र्याचा ताजमहाल आणि मराठवाड्यातला आपला बीबी का मकबरा हे सारे चारबागेतच उभे आहेत.

हीच चारबाग आता कॅनडातही पोहोचली आहे. एडमंटन शहराजवळ, डेव्हन गावालगत अल्बर्टा विद्यापीठाचे वनस्पती उद्यान आहे. १९५९ साली सुरू झालेल्या या उद्यानात वेगवेगळ्या परंपरांच्या बागा आहेत. २०१८ मध्ये त्यात आगाखान बागेची भर पडली. सुमारे बारा एकरांच्या या बागेसाठी चौथे आगाखान यांनी अडीच कोटी डॉलर दिले. पुण्याचा आगाखान पॅलेस १९६९ मध्ये भारताला भेट देणारे तेच हे आगाखान.

आराखडा अमेरिकेच्या थॉमस वोल्ट्झ यांच्या संस्थेचा. त्यांच्यापुढचा प्रश्न सोपा नव्हता. मोगलांची बाग उन्हावरचा उतारा म्हणून जन्मली. इथे तर हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली जातो. डाळिंब, संत्रे, सरू, चिनार यांपैकी काहीच उघड्यावर टिकणार नाही. पाणी गोठताना फुगते आणि भेगांत शिरलेले पाणी दगडही फोडते. म्हणून अशा प्रदेशात कारंजी आणि नळ थंडीआधीच रिकामे करावे लागतात. 

मग परंपरेतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे? झाडांची नावे सोडली, मांडणी ठेवली. पाण्याचे पाट, कारंजी, दगडी चबुतरे, फळबाग आणि चांदण्यात बसण्याची 'महताबी' हे सगळे आहे. लावलेली पंचवीस हजारांहून अधिक झाडे-झुडपे मात्र ती थंडी सोसणारी, तरीही सुगंध आणि रंग देणारी निवडली. मोगलांना प्रिय असलेला गुलाब इथे परका नाही. रानगुलाब हे अल्बर्टाचे राज्यफूलच आहे.

उन्हाचा हिशेबही इथे उलटा. जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो. रमजान त्या महिन्यात आला की इफ्तारही दहानंतरच. आपल्याकडे सावली शोधायची, तिथे ऊन साठवून ठेवावेसे वाटते.

या बागेचा शेजारही पाहण्याजोगा आहे. त्याच उद्यानात कुरिमोतो जपानी बाग आहे. १९३० मध्ये अल्बर्टा विद्यापीठातून पदवी घेणारे पहिले जपानी नागरिक युइची कुरिमोतो यांचे नाव तिला दिले आहे. एडमंटनला असा शेजार नवा नाही. १९३८ मध्ये या शहरात कॅनडाची पहिली मशीद, अल रशीद, उभी राहिली. मुस्लिम तेव्हा मूठभरच होते. हिलवी हमदान आणि त्यांच्या सोबतिणींनी घरोघर, दुकानोदुकानी वर्गणी मागितली. ख्रिस्ती आणि ज्यू शेजाऱ्यांनीही ती दिली. आपल्याकडे गावच्या उरुसाला किंवा गणपतीला सारा गाव वर्गणी देतो, तसेच हे.

पैगंबरांची एक शिकवण मुस्लिम घरांत लहानपणीच कानावर पडते: लावलेल्या झाडाचे फळ माणूस, पाखरू किंवा जनावर, कोणीही खाल्ले तरी लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो. खाणाऱ्याचा धर्म विचारण्याची त्यात तरतूद नाही. अल्बर्टाच्या त्या बागेत मे उजाडला की पाटांना पुन्हा पाणी सुटते. पाटाकाठी बसायला मग कुणीही येते.