उन्हात त्वचेचे रक्षण

वैशाखातली नांगरणी आटोपून शेतकरी झाडाखाली विसावतो, तेव्हा त्याच्या अंगाचा दाह घटकाभरात शमतो. त्वचेच्या आतले काम मात्र पुढे कित्येक तास चालूच राहते. सूर्यप्रकाशाबरोबर येणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्यांनी केलेली मोडतोड पेशींना निस्तरावी लागते.

ही मोडतोड होते ती पेशीच्या केंद्रकातील डीएनए या रेणूची. पिळलेल्या शिडीसारख्या या रेणूत पेशीच्या साऱ्या व्यवहाराच्या आज्ञा चार घटकांच्या क्रमाने लिहिलेल्या असतात. अतिनील किरण शिडीच्या एकाच बाजूचे दोन शेजारी घटक, विशेषतः थायमिनची जोडी, एकमेकांस चिकटवून टाकतात. तेथे शिडी वाकते आणि पेशीचे विभाजन होताना मजकुराची नक्कल चुकू शकते. अशा चुका साठत गेल्या म्हणजे कर्करोगाला वाट मिळते.

यावर पहिला उपाय मेलॅनिन या रंजकद्रव्याचा. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेली एकेक रंजकपेशी आपल्या बारीक फाट्यांवाटे तीस-चाळीस पेशींना ते पुरवते. तेथे त्याचे कण केंद्रकाच्या सूर्याकडील बाजूस टोपीसारखे जमतात. गोऱ्या व सावळ्या त्वचेत रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात व प्रकारात. लग्नाच्या बाजारात जो सावळेपणा उणा ठरतो, तो वस्तुतः शरीराने धारण केलेले छत्र होय. उन्हाने अंग रापते, तेही इजा झाल्याची वर्दी पोहोचल्यामुळेच.

परंतु कोणतेच छत्र पुरे पडत नाही. म्हणून दुसरा उपाय दुरुस्तीचा. काही प्रथिने शिडीचा वाकलेला भाग हुडकतात. इतर प्रथिने दोन्ही अंगांनी छेद देऊन सुमारे तीस घटकांचा तुकडा काढून टाकतात. समोरच्या अखंड बाजूवरून नवा तुकडा रचून सांधा जोडला जातो. ही क्रिया उलगडून दाखवणारे अझीझ सँकार यांना 2015 साली टॉमस लिंडाल व पॉल मॉड्रिच यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुरुस्ती आवाक्याबाहेरची असेल, तर पी-53 या प्रथिनाच्या प्रेरणेने पेशी स्वतःच मरण पत्करते.

या दुरुस्तीचे मोल ‘झेरोडर्मा पिग्मेंटोझम’ या आनुवंशिक रोगात कळते. 1968 साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखवून दिले की, अशा रोग्यांच्या पेशींत ही दुरुस्तीच नीट होत नाही. या मुलांना अंगणातले ऊनही वैरी होते. कोवळ्या वयातच त्यांच्या त्वचेवर कर्करोगाच्या गाठी उद्भवतात. आईवडील स्वतः निरोगी असूनही दोघांकडून सदोष जनुक आले, तर मुलास हा रोग जडतो. जवळच्या नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते. अशा मुलास उन्हापासून कसोशीने जपणे, हाच त्याच्या रक्षणाचा मुख्य मार्ग आहे.

निरोगी माणसाच्या पेशी हे काम मुकाट्याने करीत राहतात; पण त्यांच्या शक्तीलाही मर्यादा आहे, आणि वयोमानाने ती उणावते. भर दुपारी सावली धरणे, डोक्यास पागोटे वा पदर आणि अंगात लांब बाह्या असणे, एवढ्यानेही त्यांचा भार पुष्कळ हलका होतो.