अंगठी गेली, पुढे काय?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला सगळे ट्रिलॉजी म्हणतात, पण टॉल्कीनने लिहिली होती एकच कादंबरी. युद्धानंतर कागद महाग, म्हणून प्रकाशकाने तिचे तीन भाग केले. शेवटचा, 'द रिटर्न ऑफ द किंग', १९५५ साली आला. टॉल्कीनला हे नाव पसंत नव्हतं, कारण राजा परत येणार हे कव्हरवरच कळतं!

२००३ सालच्या पिक्चरला ११ ऑस्कर मिळाली, पण त्यात पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण गाळलंय. माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. अंगठी नष्ट झाल्यावर चौघे हॉबिट गावी परततात, तर गाव ओळखूच येत नाही. झाडं तोडलेली, पाणी घाण, गिरणीचा धूर आणि जिथे तिथे नियमांच्या पाट्या. आता मदतीला गॅन्डाल्फ नाही. मेरी आणि पिपिन गावकऱ्यांना उठवतात, लढाई होते, १९ हॉबिट मरतात. फ्रोडो मात्र तलवार उपसतच नाही.

का उपसेल? ऐन वेळी अंगठी फेकायला त्याने नकार दिला होता. गॉलमने बोट तोडलं म्हणून काम झालं. गाव पुन्हा हिरवं होतं, सॅमचा संसार सुरू होतो, पण फ्रोडोची जुनी जखम दरवर्षी त्याच तारखेला दुखते. टॉल्कीन स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होता, त्यामुळे घरी परतलेला सैनिक त्याला माहीत होता.

"शेवट फार लांबवलाय" म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचाच. परिशिष्टं बोअर होतील, पण त्यातली आरागॉर्न आणि आर्वेनची गोष्ट चुकवू नका.