ठिणगी पाडणारा ट्रान्झिस्टर

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, पण स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. हे साधते इग्निशन कॉइल. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे असतात आणि बारीक तारेचे त्यांच्या साधारण शंभरपट. गंमत म्हणजे ठिणगी पडते ती करंट सुरू करताना नाही, तोडताना. पूर्वी तो तोडायचे काम कॉन्टॅक्ट पॉइंट करत, आणि जळून झिजत. त्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आला.

समजा, कॉइलचे इंडक्टन्स ५ मिलीहेन्री आहे. करंट ६ अँपिअरपर्यंत चढायला तीनेक मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात ९० मिलीज्यूल ऊर्जा साठते. ट्रान्झिस्टर त्याआधीच बंद केला तर ठिणगी दुबळी पडते. फार वेळ चालू ठेवला तर कॉइल तापते.

खरी कसोटी बंद करण्याच्या क्षणी लागते. तेव्हा जाड वेढ्यांवरच ३०० ते ४०० व्होल्टचा झटका येतो. हौशी मंडळी घरात पडलेला २एन३०५५ ट्रान्झिस्टर लावतात. तो ६० व्होल्टचा, मग टिकणार कसा? माझ्या मते नवख्याने सरळ इग्निशनसाठीच बनवलेला आयजीबीटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) घ्यावा. जवळपास ४०० व्होल्टवर झटका रोखणारा क्लॅम्प त्याच्या आतच असतो.

चाचणी घेताना प्लग जोडलेला आणि त्याची बॉडी अर्थ केलेली हवीच. प्लगकडे जाणारी वायर मोकळी सोडली तर ठिणगीत जायची ऊर्जा उलटून आयजीबीटीवर येते, नाहीतर कॉइलचे इन्सुलेशन फोडते. आणि बॅटरी जोडलेली असेपर्यंत त्या वायरला हात लावू नका.