जनरेटर किती आणि वेगळे किती

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात, महापे, रबाळे, ऐरोली या भागांत, गेल्या काही वर्षांत डेटा सेंटरच्या इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. बँकांचे व्यवहार, रुग्णालयांच्या नोंदी, तिकिटं, सरकारी सेवा यांचा मोठा भाग आता या बिनखिडक्यांच्या भिंतींआड चालतो. या इमारतींच्या मागच्या अंगाला किंवा गच्चीवर डिझेल जनरेटरांची रांग असते. एकेक यंत्र साधारण २ मेगावॉटचं, म्हणजे एखाद्या लहान गावाची गरज भागवेल एवढं. जनरेटरच्या या धंद्याचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही पुण्याची कंपनी १९४६ची, आणि किर्लोस्कर-कमिन्स म्हणून सुरू झालेली आजची कमिन्स इंडिया १९६२ची. इंजिन बनवण्याचं कसब आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांपासून मुरलेलं आहे. तरीही डेटा सेंटरमधली वीज जाते, आणि जनरेटरांची संख्या पुरेशी असताना जाते. ग्राहकाला दाखवल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात पाच लागतात तिथे सहा, किंवा लागतात त्याच्या दुप्पट, असे आकडे ठळक छापलेले असतात. माझं म्हणणं असं की हा आकडा विश्वासार्हतेचं माप म्हणून फार कमी उपयोगाचा आहे. खरं माप त्या यंत्रांमध्ये सामाईक काय आहे, हे आहे.

हिशोब साधा आहे. समजा, एक जनरेटर शंभर वेळा गरज पडली तर एकदा सुरू होत नाही. काम भागवायला एक पुरेसा आहे आणि शेजारी दुसरा राखीव ठेवला, तर दोन्ही एकाच वेळी दगा देण्याची शक्यता दहा हजारांत एक. तिसरा ठेवला तर दहा लाखांत एक. निविदेच्या कागदावर हा गुणाकार फार देखणा दिसतो. पण तो खरा ठरायला एक अट आहे: एका यंत्राच्या बिघाडाचा दुसऱ्याच्या बिघाडाशी काही संबंध नसला पाहिजे. आता समजा की दहापैकी एका बिघाडाचं मूळ दोघांच्या सामाईक गोष्टीत आहे. एकच इंधनपंप, एकच नियंत्रण पॅनेल, एकाच दिवशी बसवलेल्या एकाच बनावटीच्या बॅटऱ्या. मग दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता हजारात एकच्या आसपास येऊन थांबते, आणि तिसरा, चौथा, पाचवा जनरेटर आणून उभा केला तरी ती तिथून फारशी हलत नाही. अणुवीज क्षेत्रातल्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकातच सामाईक कारणांचा हा वाटा मोजण्याची पद्धत बसवली. ‘बीटा फॅक्टर’ हे तिचं नाव. डेटा सेंटरच्या खरेदीच्या बैठकांत मात्र यंत्रांची संख्या आणि किंमत यांवर जेवढी घासाघीस होते, तेवढी या वाट्यावर होत नाही.

याचं सर्वांत भीषण उदाहरण अणुवीज क्षेत्रातलंच आहे. फुकुशिमा दाइइची प्रकल्पात ११ मार्च २०११ रोजी भूकंपाने बाहेरची वीज तोडली, तेव्हा आपत्कालीन डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले. सुमारे पाऊण तासाने त्सुनामीचं पाणी आलं आणि सहा अणुभट्ट्यांच्या तेरा जनरेटरांपैकी एकच कामाचा उरला. संख्येच्या हिशोबात तेरा म्हणजे चैनच होती. पण बहुतेक यंत्रं तळघरांत होती आणि समुद्राच्या पाण्याने थंड होत होती, म्हणजे ती एकाच लाटेच्या टप्प्यात होती. त्याहून बोलका तपशील दुसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी ठेवलेल्या दोन हवेने थंड होणाऱ्या जनरेटरांचा आहे. ते वरच्या पातळीवर असल्याने इंजिनं शाबूत राहिली. त्यांची वीज पुढे नेणारं स्विचगिअर खाली होतं, ते बुडालं. चालू शकणारी इंजिनं आणि वाट बंद झालेली वीज, अशी ती अवस्था होती. वाचलेलं एक यंत्र सहाव्या भट्टीचं, तेही हवेने थंड होणारं आणि वेगळ्या जागी असलेलं. त्याच्याच विजेवर पाचवी आणि सहावी भट्टी सावरली.

डेटा सेंटरांच्या अपघातांत पाणी नेहमी असतंच असं नाही. धागा मात्र तोच सापडतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २४ जुलै २००७ रोजी वीज लागोपाठ जात-येत राहिली आणि एका मोठ्या डेटा सेंटरच्या दहापैकी तीन जनरेटरांनी सुरू होण्याचा क्रम पूर्ण केला नाही. शोध घेतला तेव्हा दोष इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या स्मृतीत निघाला: थोड्या वेळात पुन्हा सुरू करायचा आदेश आला तर आधीची नोंद पुसली जात नव्हती. एकदा सुरू करून बंद करण्याच्या नेहमीच्या चाचणीत असा दोष दिसणं शक्यच नव्हतं, आणि नियंत्रक एकाच जातीचे असल्याने तो एकाच यंत्रापुरता राहणंही शक्य नव्हतं. २९ जून २०१२ला उत्तर व्हर्जिनियात वादळ आलं. तिथल्या ॲमेझॉनच्या एका केंद्रात जनरेटर सुरू झाले, पण भार घेण्याआधी त्यांचा व्होल्टेज स्थिर नाही असं ठरवून स्विचिंग यंत्रणेने त्यांना जोडलंच नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या आणि सर्व्हर बंद पडले. कंपनीने पुढे जाहीर केलेल्या उपायांत यंत्रणेने जनरेटरांना स्थिर व्हायला जास्त वेळ द्यावा, हा एक होता. म्हणजे जनरेटर कितीही असते तरी त्यांना पास-नापास करणारी कसोटी एकच होती. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सँडी चक्रीवादळाने न्यूयॉर्कच्या ब्रॉड स्ट्रीटवर हेच वेगळ्या रूपात दाखवलं. एका डेटा सेंटरचा जनरेटर सतराव्या मजल्यावर सुरक्षित होता, इंधन वर चढवणारे पंप तळघरात होते. ते बुडाल्यावर माणसांनी डिझेलच्या बादल्या जिन्याने सतराव्या मजल्यापर्यंत वाहिल्या आणि केंद्र चालू ठेवलं. त्या माणसांच्या कष्टांना सलाम करावा, आणि अशी वेळ आणणाऱ्या आराखड्याला नापास करावं.

मग चांगला आराखडा कसा दिसतो? त्याची सुरुवात इंजिन निवडण्याआधी जागेपासून होते. नवी मुंबईचा हा पट्टा खाडी आणि डोंगर यांच्या मधला आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हे इथल्या प्रत्येक आराखडाकाराच्या टेबलावर असायला हवं. इंधनाची मोठी टाकी जमिनीखाली असणं आगीच्या दृष्टीने सोयीचं. पण तिची झाकणं, हवानळी, पंप आणि पंपाला वीज देणारं पॅनेल पुराच्या पातळीच्या वर हवेत. दोन टाक्या आणि दोन पंप घेऊन पुढची नळी एकच ठेवली, तर त्या नळीवरचा एक बंद राहिलेला व्हॉल्व्ह सगळी रांग थंड करतो. सेल्फची बॅटरी हे जनरेटर सुरू न होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. कोट्यवधींच्या यंत्राच्या मानाने तिची किंमत नगण्य, म्हणून प्रत्येक इंजिनाला दोन संच, दोन वेगळे चार्जर आणि बदलण्याच्या वेगवेगळ्या तारखा असाव्यात. सगळ्या जनरेटरांना एकत्र जुळवून चालवणारा मुख्य नियंत्रक हाही असाच एक सामाईक दुवा आहे. तो मेला तरी प्रत्येक यंत्राने आपल्यापुरतं सुरू होऊन आपला भार उचलावा, अशी सोय नसेल तर बाकीची संख्या शोभेची. मला स्वतःला सगळे जनरेटर एका सामाईक बसबारवर, म्हणजे वीज गोळा करून वाटणाऱ्या एकाच पट्टीवर, आणण्यापेक्षा ते स्वतंत्र गटांत विभागून प्रत्येक सर्व्हरला दोन वेगळ्या गटांतून वीज देण्याची रचना अधिक पटते. तीत थोडी क्षमता वाया जाते, पण एका बसबारवरच्या दोषाने सगळी इमारत अंधारात जात नाही.

विजेच्या बाजूलाही सामाईक सापळे आहेत, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. वीज गेल्यावर यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटं भार धरून ठेवतात. जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत वेग पकडतो. इथवर बहुतेक ठिकाणी सुरळीत होतं. खरी कसोटी भार अंगावर येताना लागते. सगळे यूपीएस एकदम वळले आणि त्याच क्षणी चिलर चालू झाले तर इंजिनाचा वेग खाली बसतो, संरक्षण यंत्रणा ब्रेकर उघडते, आणि एकाचा भार शेजाऱ्यावर पडून तोही जातो. म्हणून भार टप्प्याटप्प्याने चढवावा लागतो. मात्र चिलरला फार वाट पाहायला लावली तर दाट भरलेल्या सर्व्हर हॉलचं तापमान काही मिनिटांत चढतं, त्यामुळे थंड पाण्याचा साठा आणि पंपांना यूपीएसची वीज यांचा विचार याच आराखड्यात करावा लागतो. शिवाय आजच्या सर्व्हरचे पॉवर सप्लाय हलक्या भारावर लीडिंग पॉवर फॅक्टर देऊ शकतात, म्हणजे विजेचा प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावतो. तो एका मर्यादेपलीकडे गेला की जनरेटरच्या व्होल्टेज नियंत्रकाचा ताबा सुटतो आणि व्होल्टेज वर चढत जातो. इंजिन ठणठणीत, इंधन भरपूर, तरी यंत्र बाहेर पडतं. आणि शेजारच्या सगळ्या यंत्रांवर तसाच भार असेल तर तीही त्याच वाटेने जातात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मुंबईची वीज देशात सर्वांत भरवशाची. मग एवढा खल कशाला? भरवसा आहे, हे खरं. पण १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांतल्या बिघाडानंतर मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. शहराला राज्याच्या जाळ्यापासून अलग करून वाचवण्याची आयलँडिंग योजना १९८०च्या दशकापासून आहे. तीही त्या दिवशी शहर वाचवू शकली नाही. क्वचित येणारा असा दिवस सर्वांवर एकाच वेळी येतो, हेच त्याचं वैशिष्ट्य. डेटा सेंटरांना दर्जा देणारी अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था तर जागेवरचे जनरेटर हाच विजेचा मुख्य स्रोत मानते आणि बाहेरची वीज ही खर्च वाचवणारी सवलत समजते. ही भूमिका टोकाची वाटेल, पण आराखडा करताना तीच उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज सॉफ्टवेअर अनेक केंद्रांत एकाच वेळी चालतं. एक इमारत गेली तर काम दुसरीकडे सरकतं, मग प्रत्येक इमारतीत एवढा खर्च का करायचा? ज्यांनी आपली प्रणाली मुळापासून तशी लिहिली आहे, त्यांच्यासाठी हे बरोबर आहे, आणि त्यांनी जनरेटरवर कमी खर्च करावा. परंतु दुसरं केंद्र त्याच महानगरात असेल तर दोन्हींचा विजेचा उगम, पाऊस आणि इंधनाचा डेपोही तोच असतो. वेगळेपण इमारतींच्या पत्त्यापुरतं उरतं. शिवाय अनेक बँका आणि संस्थांच्या प्रणाली अजून एका जागी बांधलेल्या आहेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८च्या आदेशानुसार देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी लागते, त्यामुळे परदेशातल्या केंद्रावर भिस्त ठेवण्याची मोकळीक मर्यादित आहे. डिझेलऐवजी बॅटऱ्या का नाहीत, या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत आहे. २० मेगावॉटचं केंद्र दोन दिवस चालवायला ९६० मेगावॉट-तास साठा लागतो. इमारतीगणिक एवढ्या बॅटऱ्या आज कुणाला परवडत नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ३ मेगावॉटच्या हायड्रोजन फ्युएल सेलची चाचणी यशस्वी केली, ती आशादायक आहे. पण तिथेही हायड्रोजनची टाकी आणि नळी सामाईक असेल तर प्रश्न तसाच उभा राहील.

तिसरा आक्षेप चाचणीवर आहे: धूर होतो, डिझेल जळतं, आणि चाचणीतच वीज गेली तर? यातला धुराचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. ८०० किलोवॉटपर्यंतच्या जनरेटरांना १ जुलै २०२३पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी ४+ हे कडक निकष लागू झाले, आणि शेजारी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार मोठ्या यंत्रांच्या मालकांनीही तितकाच करावा. पण दर आठवड्याला पाच मिनिटं बिनभाराचं इंजिन फिरवून वहीत टिक करणं ही चाचणी धूर करते आणि काही सांगत नाही. उलट हलक्या भारावर सिलिंडर पुरेसा तापत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी एग्झॉस्टमध्ये साचते, आणि खऱ्या भाराच्या दिवशी तेच यंत्र धापा टाकतं. अमेरिकेतल्या आपत्कालीन वीजयंत्रणांसाठीचं एनएफपीए ११० हे मानक महिन्यातून एकदा, किमान ३० टक्के भारावर, ३० मिनिटं चाचणी सांगतं. त्याच्या पुढे जाऊन वर्षातून एकदा तरी मुख्य ब्रेकर खरोखर उघडून, खऱ्या भारासह, इमारत काही तास जनरेटरवर चालवावी, आणि मध्ये एकदा वीज आणून पुन्हा घालवावी. सॅन फ्रान्सिस्कोतला दोष अशाच चाचणीत पकडला गेला असता. हे धोक्याचं आहे, मान्य. पण इथे धोका तारीख ठरवून, सगळे तंत्रज्ञ हजर असताना, बाहेरची वीज हाताशी ठेवून घेतलेला असतो. चाचणी संपल्यावर सिलेक्टर स्विच पुन्हा ‘ऑटो’वर आला की नाही, हे दुसऱ्या माणसाने तपासून सही करावी, कारण दुरुस्तीनंतर ‘मॅन्युअल’वर राहिलेलं यंत्र कितीही नवं असलं तरी हाकेला उठत नाही.

राहिलं डिझेल. भर भारावर २ मेगावॉटचं यंत्र तासाला ५०० लिटरच्या आसपास पितं. २० मेगावॉटच्या केंद्राला तासाला ५,००० लिटर, ४८ तासांना २,४०,००० लिटर. एवढा साठा जागेवर ठेवायला नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची, परवानगी लागते, आणि ठेवला तरी डिझेल कायम टिकत नाही: पावसाळ्यातल्या दमट हवेने टाकीच्या तळाशी पाणी जमतं, पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा गाळ फिल्टर तुंबवतो. सगळ्या यंत्रांना तोच साठा जात असेल तर सगळ्यांचे फिल्टर एकाच रात्री तुंबतील. म्हणून टाक्या वेगळ्या, भरण्याच्या तारखा वेगळ्या, आणि नमुने दर तिमाहीला प्रयोगशाळेत. साठा कमी ठेवला तर २०,००० लिटरचा टँकर दर चार तासांनी दारात लागतो. त्यासाठी दोन पुरवठादारांशी करार असतात, पण दोघे एकाच डेपोतून भरत असतील, तर वीज नसलेल्या शहरात त्या डेपोच्या पंपांना वीज कुठून मिळते आणि पाणी तुंबलेल्या दिवशी तिथून येणारा रस्ता कोणता, हे करारावर सही होण्याआधी तिथे जाऊन पाहिलेलं असावं.