कोर्लईचा शेतकरी समाज व त्याची भाषा

रायगड जिल्ह्यात, कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोरील तीरावर कोर्लई हे गाव वसले आहे. येथील किल्ल्याच्या टेकडीच्या पायथ्याशी भात व भाजीपाला पिकविणाऱ्या कॅथलिक ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती आहे. सुमारे हजारभर लोकांच्या या समाजाची घरची भाषा मराठी नव्हे. ती पोर्तुगीज शब्दसंग्रहावर घडलेली क्रिओल, म्हणजे भाषासंपर्कातून जन्मलेली भाषा होय. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात.

पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास चौलला ठाणे वसविले आणि १७४० मध्ये ते मराठ्यांच्या स्वाधीन केले. सत्ता गेली, तरी भाषा राहिली. असे का व्हावे? क्लेमेंट्स या अभ्यासकाने याचे कारण समाजरचनेत शोधले आहे. हिंदू शेजाऱ्यांपासून हा समाज धर्माने वेगळा होता. अन्य ख्रिस्ती समाजांपासून जातीने. सोयरिकी वस्तीतल्या वस्तीत होत राहिल्या आणि घराबरोबर घरची भाषाही टिकली.

तथापि ही अलिप्तता पूर्ण नव्हती. बाजार व व्यवहार मराठीतच चालत. परिणामी शब्द पोर्तुगीज राहिले, पण वाक्याची घडण मराठीकडे झुकली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्मापूर्वी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे बहुधा वाक्याच्या शेवटी येते. मराठीतून घेतलेल्या धातूंसाठी तर या भाषेत उकारान्त असा एक स्वतंत्र क्रियापदवर्गच निर्माण झाला आहे. ही केवळ उसनवारी नव्हे. हे व्याकरणाचेच रूपांतर आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती पालटली. १९६० नंतरच्या दशकात चर्चमधील उपासनेत पोर्तुगीजची जागा मराठीने घेतली. शाळेचे माध्यम मराठी. १९८६ मध्ये खाडीवर पूल झाला आणि शिक्षण व नोकरी यांसाठी बाहेर जाणे सुकर झाले. मुलांशी घरीही मराठी बोलण्याकडे काही पालकांचा कल दिसू लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. ज्या भिंतींनी ही भाषा राखली, त्यांत जातिभेदाचीही भिंत होती. ती ढासळणे या समाजाच्या हिताचेच आहे. म्हणून भाषेसाठी जुनी अलिप्तता परत यावी, असे कोणी इच्छिणार नाही. आजवर जे परिस्थितीने राखले, ते यापुढे बोलणाऱ्यांच्या इच्छेवरच अवलंबून राहील.