नेटवर्क कार्ड कोणी मारलं?

रविवारी भारतातला व्हिडिओ कॉल लागला नाही की आपण सगळे आधी वायफायला शिव्या घालतो. ड्रायव्हरवर सहसा कोणी संशय घेत नाही. २००८ मध्ये मात्र लिनक्सच्या जगात सगळ्यांनी एका ड्रायव्हरलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

त्याचं नाव ई१०००ई. इंटेलच्या गिगाबिट नेटवर्क कार्डांचा हा ड्रायव्हर. कर्नल २.६.२७ ची चाचणी चालू असताना काही लॅपटॉपमधली कार्डं एकाएकी मरू लागली. मरू लागली म्हणजे अक्षरशः: जुना कर्नल टाकला तरी जिवंत होईनात. कार्डाचा पत्ता आणि सेटिंग ज्या फ्लॅश चिपमध्ये असतात, तिथलाच मजकूर बिघडत होता. उबुंटूने आपल्या चाचणी आवृत्तीत हा ड्रायव्हर सरळ बंद केला.

आता ड्रायव्हरमधला बदल तपासणारा माणूस काय बघतो? समोर असतो पॅच: काढलेल्या ओळींपुढे वजा, घातलेल्यांपुढे अधिक. घेतलेलं कुलूप चुकीच्या वाटेनं बाहेर पडतानाही सुटतं का? इंटरप्ट हाताळताना कोड कुठे झोपत तर नाही? रजिस्टरमध्ये लिहिण्याचा क्रम बरोबर आहे का? ई१०००ईची अशी झडती झाली तेव्हा फ्लॅश वापरतानाच्या कुलपांत खरोखरच ढिलाई सापडली आणि ती दुरुस्तही झाली. फ्लॅशवर लेखनबंदी घालणारा पॅचही आला. पण मारेकरी सापडला नव्हता.

तो निघाला भलतीकडेच, एफट्रेसमध्ये. कर्नलमधलं कोणतं फंक्शन कधी चालतं ते नोंदवणारी ही सोय. प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक छोटा कॉल असायचा. तो पहिल्यांदा चालला की त्याचा पत्ता टिपून ठेवायचा, आणि थोड्या वेळाने एक धागा जागा होऊन त्या जागी 'काही करू नकोस' अशी सूचना लिहायचा. मॉड्यूलचा सुरुवातीचा कोड मात्र एकदाच चालतो आणि मग त्याची मेमरी मोकळी केली जाते. तोच पत्ता पुढे ई१०००ईच्या फ्लॅशला मिळाला तर? एफट्रेसच्या वहीत जुनाच पत्ता!

एफट्रेस लिहिणारे बेफिकीर नव्हते, हे मला यातलं सगळ्यात चटका लावणारं वाटतं. त्यांनी मुद्दाम 'कॉम्पेअर अँड एक्स्चेंज' ही सूचना वापरली होती: अपेक्षित मजकूर असेल तरच बदला, नाहीतर हात लावू नका. पण एक्स८६ प्रोसेसर तुलना फसली तरी वाचलेलीच किंमत परत लिहितो. साध्या मेमरीत त्याने काहीच बिघडत नाही. कपाटातलं भांडं उचलून जागच्या जागी ठेवल्यासारखं. हार्डवेअरच्या पत्त्यावर मात्र लिहिणं म्हणजे आज्ञा देणं. सावधगिरीसाठी निवडलेल्या सूचनेनंच घात केला.

ई१०००ईचा पॅच कितीही बारकाईने वाचला असता तरी हे दिसलं नसतं, आणि एफट्रेसचा वाचणाऱ्याला नेटवर्क कार्ड आठवायचं काही कारण नव्हतं. ऑक्टोबरमध्ये २.६.२७.१ ने ही सोय बंद केली. पुढे कॉलच्या जागांची यादी कोड कंपाइल होतानाच बनू लागली आणि तो मधूनमधून जागा होणारा धागा गेला. फ्लॅशवरची लेखनबंदी मात्र, आरोपी निर्दोष सुटल्यावरही, ड्रायव्हरमध्ये ठेवली गेली.